पोटातली जागा

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा आम्ही तिला नांदेडहून लातूरला आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. जावई नांदेडच्या एसटी डेपोत कामाला. त्यांनी तिला खिडकीजवळची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले. लातूरच्या स्टँडवर उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिचं मनगट माझ्या हातात आलं, दोन बोटांत मावेल एवढं. सातव्या महिन्याच्या बाईचं मनगट असं नसतं. मी मुळात बुटकी, ती माझ्याहूनही चार बोटं बुटकी. मला वाटलं होतं, सासरी ती जरा भरली असेल.

घरी आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी तुकडा ओवाळून टाकला, नातीच्या पायावर पाणी घातलं आणि तिला खालून वर बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, पोट बारीक हाय, लई चांगलं हाय. त्यांच्या बोलण्यात खरा आनंद होता. तिथूनच माझी झोप उडाली.

आम्ही मूळ मुरुडजवळच्या एका खेड्यातले. लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या निघाल्या, तेव्हा यांना एका कचेरीत चपराशाची जागा मिळाली आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन शहरात आलो. आत्याबाई मात्र कुणी विचारलं की अजून उस्मानाबाद जिल्हाच सांगायच्या. त्यांना शहरातलं काहीच पटत नव्हतं. फक्त घासलेटचा स्टो आवडला होता, धूर होत नाही म्हणून.

माझं माहेर हदगावकडचं. लग्न होऊन आले तेव्हा मी आमच्याकडच्यासारखं बोलायची. येऊन राहिले, करून राहिले. एकदा कुणीतरी विचारलं, सून कुठंय, आणि मी आतून म्हणाले, भाकरी करून राहिले. तर सगळी गल्ली हसली. चुलत दीर, नणंद, शेजारणी, सगळे पुढं कितीतरी दिवस माझ्या दारावरून जाताना विचारायचे, वहिनी, काय करून राहिल्या? चेष्टाच होती, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण माझी जीभ बसली ती बसलीच. विचारलं तरच बोलायचं, तेही कमी, अशी सवय लागली. चौथीपर्यंत शिकलेली आहे, लिहिता येतं, त्यामुळे जे बोलता येत नाही ते असं कधी कधी लिहिते.

लेक आली त्या दिवसापासून आत्याबाईंनी तिचं ताट स्वतःच्या हातात घेतलं. मी दोन भाकरी वाढायची, त्या एक उचलून घ्यायच्या. भात वाढला की अर्धा काढायच्या. त्यांचं म्हणणं असं की पोटात जागा एकच असते. ती अन्नानं भरली तर लेकरानं बसावं कुठं? आणि लेकरू खाऊन खाऊन मोठं झालं तर त्यानं निघावं कुठून? बाळंतपण सोपं व्हायचं तर शेवटचे तीन महिने बाईनं पोट मारायचं. हे त्यांनी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलेलं होतं, एकदा नाही, दोनदा. त्यातली पहिली वेळ माझी होती.

मोठ्या दुष्काळात मी पहिलटकरीण होते. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं सगळं गाव खडी फोडायला जायचं. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे. माझ्या वाट्याची सुकडी आत्याबाई पदरात बांधून घरी न्यायच्या आणि नणंदेला द्यायच्या. नणंद माझ्याच वयाची असेल, तेव्हा लग्नाची व्हायची होती. घरात सगळ्यांनाच भूक होती, आणि पोरगी त्यांची होती. मला तेव्हा रागही आला नाही, रागासाठी अंगात काही लागतं. माझं पोट नऊ महिने झाले तरी लुगड्याखाली कळत नव्हतं. आणि एक दिवस खडीच्या ढिगाजवळच माझ्या पोटात दुखायला लागलं. बायकांनी पदर धरून आडोसा केला. आत्याबाईंनी मला धरलं. फार वेळ लागला नाही. लेक झाली, ओंजळीत मावेल एवढी. मुकादमानं हजेरी मांडताना विचारलं म्हणे, ही बाई कुठं गेली, तर एका बाईनं सांगितलं, हितंच हाय, बाळंत व्हायलीय, मांडा तिची पण. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी हसत होत्या की अशी सुटका नशिबवान बाईची होते.

दुसरी वेळ नणंदेची. दुष्काळ सरून गेला होता, तिचं लग्न झालं होतं. सासर बागायतीचं, विहिरीला पाणी असलेलं. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली तेव्हा आमच्याही घरात ज्वारी होती. आत्याबाई हरखून गेल्या होत्या. त्यांची नऊ बाळंतपणं झाली आणि जगली दोनच, आमचे हे आणि ही पोरगी. त्यांनी तिला स्वतःच्या हातानं खाऊ घातलं. शेजारून तूप आणलं, गूळ आणला, शेंगदाण्याचे लाडू केले. ती नको म्हणायची तरी भरवायच्या. मग कळा सुरू झाल्या आणि बाळ अडलं. सुईणीचं काही चालेना. बैलगाडीनं मुरुडला नेलं, तिथून पुढं न्यायला जीप मिळेपर्यंत ती गेली. बाळही गेलं. चांगलं मोठं होतं. त्याला आंघोळ आत्याबाईंनीच घातली.

त्यानंतर त्या कधी कुणाला आग्रहानं वाढताना मी बघितल्या नाहीत.

तर आता माझी लेक त्यांच्या पुढ्यात होती, आणि मी स्टोजवळ. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात तिच्या आत्याच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, मरणाची सगळी हकीकत सांगितली, काही न गाळता. दुपारी दोघी चटईवर पडलेल्या असायच्या आणि मला भिंतीपलीकडून आवाज यायचा. त्यात दरडावणं नव्हतं. नातीला वाचवायची त्यांची धडपड होती. पण लेक त्यानंतर स्वतःच ताटातलं काढून ठेवायला लागली. आत्याबाईंना हात लावायची गरजच उरली नाही. मी तिला एकटीला गाठून म्हणायची, खा गं, तर ती म्हणायची, आई, मला मरायचं नाही. दहावी शिकलेली पोरगी. मी काय बोलणार तिला?

मी सारखी उठायची. भांडं घासलेलं परत घासायची. पाण्याचा टँकर यायच्या आधीच घागर घेऊन उभी राहायची, कारण घरात बसवत नव्हतं. यांना सांगितलं तर ते म्हणाले, मायला कळतंय, तिनं किती बाळंतपणं बघितली. पण सरकारी दवाखान्यात नाव घालून ये म्हणाले. तेवढं पुरे होतं. मी लेकीला घेऊन गेले.

दवाखाना मोठा होता, जिल्ह्याचा. बाकड्यावर बायकांची रांग होती आणि उदगीरकडून आलेल्या दोघी तिघी आपसात कानडीत बोलत होत्या. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरबाईंनी लेकीला भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं, वजन केलं, पोट तपासलं. त्या वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मला विचारलं, हिचा जन्म कधीचा? मी म्हणाले, दुष्काळातला. त्यांनी मान हलवली, जसं काही हेच त्यांना ऐकायचं होतं. म्हणाल्या, कंबर अरुंद आहे, बाळंतपण घरी करायचं नाही, ऑपरेशन लागू शकतं. आणि हिचं वजन का वाढलं नाही?

लेक म्हणाली, खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि अडतं.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. खुर्ची मागं सारून नीट सांगायला लागल्या. कंबरेचं हाड काही आत्ता घडत नाही, त्या म्हणाल्या. ते आईच्या पोटात असताना आणि लहानपणी जे खायला मिळतं त्यावर घडतं. मुलीला लहानपणी पोटभर मिळालं नाही की हाड लहान राहतं. मग मोठेपणी बाळ जरा चांगलं वाढलं तरी अडतं. त्यात आत्ताच्या खाण्याचा दोष नसतो. आत्ता उपाशी राहून हाड काही रुंद होणार नाही, फक्त बाळ दुबळं होईल. मुलगी झाली तर तीही अशीच राहील, आणि तिच्या बाळंतपणातही हेच. कुठंतरी थांबवायला पाहिजे ना, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

लेकीला ते सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही. ती ऑपरेशन या शब्दापाशीच थांबली होती. पण मला कळलं, आणि कळलं ते लेकीचं नाही, नणंदेचं. रिक्षात बसल्यावर माझ्या डोळ्यापुढं नणंदच येत होती. मी लग्न होऊन आले तेव्हाची, काटकुळी, गुडघे मोठे. आत्याबाई कामाला गेल्या की ती लहानपणी कुठं कुठं हिंडून काय काय तोंडात टाकायची ते तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. ती मेली ती तुपानं आणि लाडवानं नाही. मग मी हे आत्याबाईंना सांगू का? सांगितलं तर त्यांच्या मनावरचं एक ओझं उतरेल. पण दुसरं बसेल, आणि ते पहिल्याहून जड असेल. घरी पोचेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते.

आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणली डाक्टरीन? मी म्हणाले, सगळं बरं आहे म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. लेकीला आठवा सरला. तिचे गाल आत गेले. मला चालताना दिसायचं की ती भिंत धरतेय. मी तिच्या उशाखाली खारीक ठेवली तर ती मला परत आणून द्यायची, आजीला कळेल म्हणून नाही, स्वतःच्या भीतीनं. मी डॉक्टरबाईंचं बोलणं तिला पुन्हा सांगून बघितलं. ती म्हणाली, मग आत्या का मेली? सगळं तिथंच येऊन अडकायचं. आत्याचं सांगितल्याशिवाय तिची भीती जाणार नव्हती, आणि दोन खोल्यांच्या घरात आत्याचं काही सांगायचं म्हणजे आजीच्या देखत सांगायचं.

पौर्णिमा आली. दर पौर्णिमेला आम्ही बुद्धवंदना म्हणतो आणि खीर करतो, तेवढी चाल आमच्या घरानं धर्म बदलल्यापासून कधी मोडली नाही. संध्याकाळी हे कचेरीतून आले, आम्ही चौघं बसलो. मी वाट्या भरल्या. लेकीनं वाटी हातात घेतली, नुसती नाकाजवळ नेली आणि माझ्यापुढं सरकवली. आत्याबाई प्रेमानं म्हणाल्या, शानी माझी बाय. मी वाटी परत तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, खा.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर असा आवाज कधी काढला नव्हता. यांनीही हात थांबवला.

मी खाली बघूनच बोलले. म्हणाले, आत्याबाई, त्या तुमच्या खाऊ घालण्यानं गेल्या नाहीत. डॉक्टरबाईंनी मला सांगितलंय. लाडवानं कुणी मरत नाही.

मला वाटलं आता शिव्या पडतील, आणि पडल्या असत्या तर बरं झालं असतं. आत्याबाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "मंग कशानं मेली माझी पोरगी?"

मला परत फिरता येत नव्हतं. मी म्हणाले, "कंबरेचं हाड लहान राहिलं होतं. लहानपणी पोटाला मिळालं नव्हतं म्हणून."

त्या विचार करत होत्या. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होत्या.

"लहानपणी?" त्या म्हणाल्या. "तवा तर दुष्काळ न्हवता."

लेकीनं वाटी हळूच जवळ ओढली.

"तवा काईच न्हवतं," त्या परत म्हणाल्या. "पाऊसपाणी बरं होतं तवा. आपलं रोजचंच होतं ते."

हे उठून बाहेर गेले. लेकीच्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ती खीर खात होती. एक वाटी खाल्ली आणि माझ्यापुढं वाटी धरली. मी अजून वाढली. थोडी ताटात सांडली.

सकाळी आत्याबाईंनी लुगडं आणि चष्मा पिशवीत घातला आणि गावाकडं जाते म्हणाल्या. हे त्यांना मुरुडच्या गाडीत बसवून आले. भांडण नाही, रुसवा नाही. जाताना त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

लेक खायला लागली. आधी घाबरत, मग अधाशासारखी. मी ज्वारीची भाकरी, मेथी, अंडी, जे मिळेल ते करून घालत होते आणि एकीकडे गावाकडून काही निरोप येतो का म्हणून दाराकडे बघत होते. गावातलं कुणी कचेरीत आलं की हे विचारायचे. म्हातारी बरी आहे, कमी बोलते, एवढंच कळायचं.

दिवस भरले तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे ऑपरेशन झालं. यांनी सही केली, जावई नांदेडहून आले, रक्ताची बाटली मिळवायला तेच धावले. मुलगी झाली. मी तिला हातात घेतलं तर ओंजळ पुरली नाही, कोपरापर्यंत हात लागला. मला हसू आलं आणि लगेच धास्ती वाटली, की गावाकडं हे कसं सांगायचं.

मी स्वतःच गेले. टाके घातलेली लेक नर्सच्या भरवशावर आणि जावयांच्या भरवशावर टाकून सकाळच्या गाडीनं गेले. आत्याबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मी सांगितलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोट फाडलं?"

"हाव."

"आन् वाचली."

"वाचली."

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, तवा हा दवाखाना असता तर. पुढचं त्यांनी म्हटलं नाही. मला परतीची गाडी धरायची होती, जीव तिकडं लागला होता, पण त्यांना अशा सोडून उठताही येईना. शेवटी त्याच उठल्या आणि पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. गाडीत त्यांनी मला एकच विचारलं, की पोरगी जेवती का. मी म्हणाले, जेवते.

लेकीला घरी आणल्यावर बाळाला तेल लावायचं काम आत्याबाईंनी घेतलं. दुपारी पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या आणि हळूहळू चोळायच्या. लेक आत झोपलेली असायची. मी स्वयंपाकघरात असायची आणि पलीकडून मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पळी खाली ठेवली. त्या बाळाला तिच्या आजोबाच्या बहिणीचं सांगत होत्या, म्हणजे माझ्या नणंदेचं. मला वाटलं, आता हिलाही मरणाची गोष्ट. मी दाराआड जाऊन उभी राहिले. आत जाऊन थांबवायचं असं ठरवूनच.

पण त्या मरणाचं सांगत नव्हत्या. त्यांची पोरगी लहानपणी काय काय खायची ते आठवत होत्या. हरभऱ्याचे घाटे खायची. अंबाडीची भाजी तिला आवडायची, लई आंबट असली तरी. बोरं तर रोजच. एकदा पाटलाच्या बैलांपुढची पेंड आणली होती, ती पण खाल्ली. शेजारणीची म्हैस व्याली तवा खरवस मिळाला होता, पुऱ्या वाटीभर. मग थांबायच्या. हात बाळाच्या पाठीवर तसाच राहायचा. मग म्हणायच्या, आन् एकदा ते हे, जत्रेत, गुडीशेव. मग परत थांबायच्या.

असं रोज दुपारी चालायचं. रोज त्यात एखादी नवी गोष्ट यायची, आणि मी दाराआड उभी राहून, स्टोवरचं करपत असलं तरी, ती ऐकायची. आज काही नवं आठवेल का, याची मलाच घाई झालेली असायची. एका दुपारी त्या खरवसापर्यंत आल्या, मग गुडीशेवेपर्यंत, आणि गप्प झाल्या. बाळानं हात झाडला. त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं. मी तिथं उभी आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत असावं.

"तू सांग की," त्या म्हणाल्या. "तुला सांगायची ती. आजून काय खायची?"

मी आत जाऊन त्यांच्याजवळ खाली बसले आणि आठवायला लागले.